उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर जाताना विकसकांसाठी नेमके काय बदलले आहे?

प्रश्न : ताणाबाणा

नमस्कार. सोलापुरातील चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या कारखान्यांसाठी सुताचा साठा, बीमनिहाय (ताण्याचे सूत गुंडाळलेल्या रुळानुसार) उत्पादन आणि कामगारांची पीसवार मजुरी यांचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर आम्ही चौघे जण मिळून तयार करतो. कार्यालय अक्कलकोट रस्त्यावर, औद्योगिक वसाहतीच्या अलीकडे आहे. पाच डेस्कटॉप संगणक आहेत आणि पाचही उबुंटू २२.०४ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत होते. सॉफ्टवेअर पायथॉन भाषेत, जँगो ३.२ या तिच्या वेब-चौकटीवर लिहिलेले असून डेटाबेस पोस्टग्रेस १४ आहे. या मांडणीने आजवर कुरकुर न करता काम दिले.

दिवाळीनंतर मी त्यांपैकी एका संगणकाची डिस्क कोरी करून तिच्यावर २४.०४ नव्याने बसवले. ही आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये आली, त्यामुळे तिचे सुरुवातीचे दोष एव्हाना निवळले असतील असा माझा अंदाज होता. बाहेरून पाहता सर्व ठीक आहे, परंतु कोड लिहायला बसल्यावर पहिल्या तासाभरातच चार ठिकाणी अडलो. पिपने, म्हणजे पायथॉनच्या लायब्ररी बसवणाऱ्या साधनाने, एकही लायब्ररी बसवण्यास नकार दिला आणि हे वातावरण बाहेरून व्यवस्थापित केले जाते अशा अर्थाचा संदेश दाखवला. सहकाऱ्याने सांगितलेला सक्तीचा पर्याय जोडून लायब्ररी बसवल्या, तर आता डिस्ट्युटिल्स नावाचे मॉड्यूल सापडत नाही म्हणून प्रकल्प सुरू होत नाही. गठ्ठ्यांवर चिकटवायच्या बारकोड चिठ्ठ्यांची रचना करणारा, ॲपइमेज स्वरूपातील, म्हणजे न बसवता एकाच फाइलमधून चालणारा, एक प्रोग्राम आम्ही वापरतो. त्यावर दोनदा क्लिक केले तरी तो उघडत नाही आणि कारणही सांगत नाही. शेवटची गोष्ट म्हणजे आप्टचे, म्हणजे उबुंटूची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाचे, स्रोत ज्या फाइलमध्ये लिहिलेले असत ती सोर्सेस लिस्ट उघडली, तर तिच्यात एका टीपेशिवाय काहीच नाही.

यांतील दोष कोणते आणि मुद्दाम केलेले बदल कोणते, हे मला समजून घ्यायचे आहे. शिवाय एवढा खटाटोप केल्यावर विकसकाच्या पदरात प्रत्यक्ष काय पडते, तेही जाणकारांनी सांगावे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आमचे बहुतेक ग्राहक फोन करत नाहीत. बदल करायचाच असेल तर तेव्हाच करणे सोयीचे आहे, अन्यथा एप्रिल २०२६ मध्ये येणाऱ्या २६.०४ ची वाट पाहावी असाही एक विचार आहे.

उत्तर : धोटा

आपण नोंदवलेल्या चारही गोष्टी मुद्दाम केलेल्या बदलांमुळे घडल्या आहेत. पायथॉनशी संबंधित दोन गोष्टींविषयी मी लिहितो, उरलेल्या दोन इतर कोणी अधिक नेमकेपणाने सांगतील.

पिपचा नकार समजून घेण्यासाठी आधी हे लक्षात घ्यावे लागते की उबुंटूची स्वतःची कितीतरी साधने पायथॉनमध्येच लिहिलेली आहेत आणि त्यांना लागणाऱ्या लायब्ररी आप्ट बसवते. आपण सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, पिप चालवत होतो तेव्हा त्याच लायब्ररीची दुसरी प्रत यूएसआर-लोकल या फोल्डरखाली जाऊन बसत असे, आणि पायथॉन शोध घेताना आप्टच्या फोल्डरआधी तिथे पाहतो. म्हणजे आपल्या प्रकल्पासाठी आणलेली नवी प्रत, आपल्या नकळत, प्रणालीची साधनेही वापरू लागत. मग कधीतरी अद्ययावत करण्याचे साधनच बंद पडे आणि दोष उबुंटूच्या माथी जाई. एका म्यानात दोन तलवारी बसवण्याचाच तो प्रकार होता. पेप ६६८ या पायथॉनमधील सुधारणेच्या प्रस्तावाने यावर असा तोडगा काढला की वितरणाने पायथॉनच्या फोल्डरमध्ये एक खूणफाइल ठेवावी आणि ती दिसली की पिपने प्रणालीच्या पायथॉनला हात लावू नये. उबुंटूत हे २३.०४ पासून आहे आणि डेबियन १२ मध्येही आहे, पण २२.०४ वरून थेट २४.०४ वर येणाऱ्याला त्याची पहिली भेट आत्ता होते.

सहकाऱ्याने सुचवलेल्या सक्तीच्या पर्यायाच्या इंग्रजी नावातच प्रणालीची पॅकेजे मोडण्याचा उल्लेख आहे. ते नाव ठेवणाऱ्यांनी विचारपूर्वकच ठेवले असावे. चाचणीचा संगणक असल्याने नुकसान मोठे नाही, तरी तो पुन्हा कोरा करून सुरुवात करावी असे मी सुचवीन. प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे त्याच्या लायब्ररींचे वेगळे फोल्डर, तयार करावे. त्यासाठी लागणारे व्हेन्व्हचे पॅकेज उबुंटूत वेगळे बसवावे लागते. कोड नीटनेटका करणारी किंवा तपासणारी जी साधने सर्व प्रकल्पांत लागतात ती पिपएक्सने बसवावीत, म्हणजे प्रत्येकाचे वातावरण आपोआप वेगळे राहते. २२.०४ वर तयार केलेली जुनी वातावरणे उचलून आणू नयेत, कारण ती पायथॉन ३.१० ला बांधलेली असतात आणि २४.०४ मध्ये पायथॉन ३.१२ आहे.

डिस्ट्युटिल्सचे मूळ या ३.१२ मध्येच आहे. लायब्ररी बांधण्या-बसवण्याचे हे मॉड्यूल ३.१० मध्ये कालबाह्य ठरवले गेले होते, ३.१२ मध्ये ते काढूनच टाकले, आणि त्याबरोबर इम्प, असिंककोर, असिंकचॅट ही जुनी मॉड्यूलेही गेली. सेटअपटूल्स हे वेगळे पॅकेज बसवले की डिस्ट्युटिल्सची पर्यायी प्रत मिळते; मात्र येथे आणखी एक खाच आहे. पूर्वी नवे व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट तयार केले की त्यात सेटअपटूल्स आयतेच असे, ३.१२ पासून ते येत नाही आणि वेगळे मागवावे लागते. तेवढे करून आपला प्रकल्प कदाचित उभा राहील, पण तिथेच थांबू नये. जँगो ३.२ अधिकृतपणे पायथॉन ३.१० पर्यंतच चालते. ३.१२ ला जँगो ४.२ चा पाठिंबा आहे, तोही ४.२.८ पासून. म्हणून माझा आग्रह असा राहील की आधी २२.०४ वरच, पायथॉन ३.१० ठेवून, प्रकल्प जँगो ४.२ वर न्यावा, चाचण्या पूर्ण कराव्यात आणि त्यानंतरच ऑपरेटिंग सिस्टिम बदलावी. दोन्ही एकदम बदलले की चूक कुठून आली ते शोधण्यात आठवडा जातो. ४.२ चा पाठिंबाही एप्रिल २०२६ पर्यंतच असल्याने पुढचा टप्पा ५.२ हा धरून चालावे.

लाभाविषयी विचारले आहे म्हणून एवढेच सांगतो की पायथॉन ३.१२ मधील चुकांचे संदेश खरोखरच उपयोगी झाले आहेत. मॉड्यूल आयात करायला विसरलात का, असे तो नाव घेऊन विचारतो. आमच्याकडे नव्याने शिकायला आलेल्या मुलांचे निम्मे प्रश्न त्यामुळे माझ्यापर्यंत पोहोचत नाहीत.

उत्तर : सातरस्ता

ॲपइमेजच्या वाटेत एकामागून एक दोन अडसर आहेत, म्हणून एक दूर केला तरी प्रोग्राम उघडत नाही आणि माणूस गोंधळतो. प्रोग्राम टर्मिनलमधून चालवून पाहावा, म्हणजे कारण दिसेल.

पहिला अडसर फ्यूजचा, म्हणजे एखादी फाइल फोल्डरसारखी उघडू देणाऱ्या सोयीचा. बहुतेक जुन्या ॲपइमेजना फ्यूज २ ची लायब्ररी लागते आणि ती आता आयती बसवलेली नसते. शोधताना तिचे नाव बदललेले दिसेल, कारण त्याच्या शेवटी टी६४ जोडले आहे. एआरएम प्रोसेसरच्या ३२ बिटी संगणकांवर वेळेची मोजणी २०३८ मध्ये संपू नये म्हणून वेळेचा प्रकार ६४ बिटी केला गेला, आणि त्यात सापडलेल्या शेकडो लायब्ररींची नावे सर्वच रचनांवर बदलली. आपल्या ६४ बिटी डेस्कटॉपवर वेळ आधीपासूनच ६४ बिटी होती. नाव मात्र बदलले. जुन्या नावाने मागितली तरी आप्ट योग्य पॅकेज देते.

दुसरा अडसर अधिक महत्त्वाचा आहे. लिनक्समध्ये साध्या वापरकर्त्याचा प्रोग्रामही स्वतःपुरता वेगळा युजर नेमस्पेस, म्हणजे वापरकर्त्यांचा स्वतंत्र कप्पा, तयार करून त्याच्या आत प्रशासकासारखे अधिकार मिळवू शकतो. ब्राउझर आणि इलेक्ट्रॉनवर (ब्राउझरच्या इंजिनावर डेस्कटॉप प्रोग्राम बांधण्याच्या चौकटीवर) बांधलेले प्रोग्राम आपला सँडबॉक्स, म्हणजे सुरक्षित कुंपण, याच सोयीने उभारतात. परंतु कर्नलचे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचे, जे भाग एरवी फक्त प्रशासकाला दिसत, ते या वाटेने सर्वांना खुले होतात, आणि कर्नलमधील त्रुटींचा गैरफायदा घेणाऱ्या कित्येक हल्ल्यांची सुरुवात येथूनच झालेली आहे. म्हणून २४.०४ मध्ये ॲपआर्मर या प्रोग्रामांवर बंधने घालणाऱ्या सुरक्षा-यंत्रणेने असा नियम लावला आहे की ज्या प्रोग्रामसाठी परवानगीची नोंद नाही, त्याला नेमस्पेसच्या आत ते अधिकार मिळणार नाहीत. क्रोम, व्हीएस कोड यांसारख्या परिचित प्रोग्रामांसाठीच्या नोंदी उबुंटूबरोबरच येतात. आपल्या चिठ्ठ्यांच्या प्रोग्रामची अशी नोंद नसणार. तो इलेक्ट्रॉनवर बांधलेला असेल, तर सँडबॉक्स उभारता न आल्याने लगेच बंद पडत असावा.

यावर दोन सोपे उपाय सर्वत्र सांगितले जातात : सँडबॉक्सविना चालवण्याचा पर्याय जोडणे, किंवा सिसकंट्रोलमधून, म्हणजे कर्नलच्या सेटिंगमधून, हे बंधन संपूर्ण संगणकासाठी उठवणे. दोन्ही टाळावेत. त्या एका प्रोग्रामपुरती ॲपआर्मर प्रोफाइल लिहावी. ती जेमतेम सहा-सात ओळींची असते, आणि तिच्यात प्रोग्रामचा मार्ग (फाइलचा पत्ता) व नेमस्पेसची परवानगी एवढेच सांगायचे असते. मात्र ॲपइमेज डाउनलोड्स फोल्डरमध्ये ठेवून तिथला मार्ग लिहू नये, कारण ज्या फोल्डरमध्ये प्रशासकाच्या अधिकाराविना फाइल बदलता येते, तिथल्या मार्गाला परवानगी दिल्यास त्या नावाने येणाऱ्या कोणत्याही फाइलला परवानगी मिळते. ती ऑप्ट फोल्डरमध्ये, प्रशासकाच्या मालकीची करून ठेवावी. प्रोग्राम बंदिस्त कप्प्यांत चालवणारे डॉकर नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे प्रशासकाच्या सेवेमार्फत वापरत असाल तर या बदलाचा त्याला काही त्रास नाही.

सोर्सेस लिस्ट रिकामी नाही, हलवली आहे. तिच्याच शेजारच्या सोर्सेस लिस्ट डी या फोल्डरमध्ये उबुंटूच्या नावाची नवी फाइल आहे. जुन्या पद्धतीत प्रत्येक स्रोत एका लांबलचक ओळीत लिहिला जाई. नव्या पद्धतीत प्रकार, पत्ता, आवृत्ती, विभाग आणि सहीची किल्ली स्वतंत्र ओळींवर येतात. आपण संगणक उभारण्यासाठी काही स्क्रिप्ट वापरत असाल आणि त्या जुन्या फाइलमध्ये शब्द बदलत असतील, तर त्या मुकाट्याने काहीच न बदलता यशस्वी झाल्याचे सांगतील. हे तपासून घ्यावे.

ताणाबाणा :

दोघांचेही मनापासून आभार. स्क्रिप्टविषयीचा इशारा अचूक लागू पडला. आमची स्क्रिप्ट गेले चार दिवस तसेच करत होती.

डेटाबेसविषयी एक शंका राहिली. पोस्टग्रेस १४ चे संपूर्ण डेटा फोल्डर जुन्या संगणकावरून उचलून नव्यावर ठेवले आणि १४ हीच आवृत्ती बाहेरच्या स्रोतातून बसवली, तर चालेल का? आम्हाला आत्ता १६ वर जाण्याची घाई नाही. मजुरीचा मासिक अहवाल आधीच संथ आहे, साडेतीनशे कामगारांच्या एका कारखान्यासाठी त्याला चार मिनिटे लागतात, त्यामुळे डेटाबेसला शक्यतो हात लावू नये अशी इच्छा आहे.

उत्तर : भुईकोट

चालेल, आणि तेच धोकादायक आहे. डेटाबेस सुरू होईल, अहवाल निघतील, आणि काही आठवड्यांनी एखादा कामगार यादीत असूनही नावाने शोधल्यावर सापडणार नाही.

याचे कारण पोस्टग्रेसच्या बाहेर आहे. कोलेशन (मजकुराच्या क्रमाची नियमावली) वेगळे निवडलेले नसेल, तर मजकुराचा क्रम लावण्यासाठी पोस्टग्रेस प्रणालीच्या सी लायब्ररीला, म्हणजे जीलिबसीला, विचारते. मराठी नावांत क्ष आणि ज्ञ कुठे येतात, अनुस्वार आधी की नंतर, हे सर्व तिथल्या नियमांवरून ठरते. मजकुराच्या स्तंभावरील इंडेक्स, म्हणजे शोधासाठीची सूची, हा त्या क्रमानेच रचलेला असतो. २२.०४ मध्ये जीलिबसी २.३५ आहे, २४.०४ मध्ये २.३९. क्रमाचा एखादा नियम दोन आवृत्त्यांमध्ये बदललेला असेल, तर जुन्या क्रमाने रचलेल्या इंडेक्समध्ये नव्या क्रमाने शोध सुरू होतो, तो चुकीच्या फांदीकडे वळतो आणि नोंद नाही असे सांगून परततो. याहून वाईट म्हणजे ज्या स्तंभात एकच मूल्य दोनदा येऊ नये असे आपण ठरवलेले असते, तिथे ते दुसऱ्यांदा शिरू शकते. प्रत्यक्षात नियम बदलले आहेत की नाहीत, हे प्रत्येक भाषेसाठी तपासत बसण्यापेक्षा बदलले आहेत असे गृहीत धरलेले बरे. यासंबंधीचा इशारा डेटाबेसच्या मूळ कोलेशनसाठी पोस्टग्रेस १५ पासून मिळतो, १४ मध्ये मिळत नाही. म्हणजे आपण निवडलेल्या मार्गावर कोणी हाकही मारणार नाही.

त्यामुळे डेटा फोल्डर न उचलता जुन्या संगणकावर डंप, म्हणजे सर्व माहितीची निर्यात-फाइल, काढावा आणि २४.०४ बरोबर येणाऱ्या पोस्टग्रेस १६ मध्ये तो भरावा. भरताना सर्व इंडेक्स नव्याने रचले जातात आणि प्रश्नच उरत नाही. १४ चा पाठिंबा नोव्हेंबर २०२६ मध्ये संपणार असल्याने हे काम तसेही वर्षभरात करावेच लागले असते. कोणी कोरी डिस्क न करता थेट २४.०४ वर चढवत असेल, तर त्याला १४ चा जुना क्लस्टर (डेटाबेसचा संच) जागच्या जागी आणि शेजारी दुसऱ्या पोर्टवर १६ चा रिकामा क्लस्टर दिसेल. रिकामा पाहून घाबरू नये आणि जुना घाईने पुसू नये.

आता त्या चार मिनिटांकडे वळतो, कारण आपण लाभ काय असे विचारले होते आणि माझ्या मते या आवृत्तीतील विकसकासाठीची सर्वांत मोलाची गोष्ट येथेच आहे, जरी ती कुठल्याही खिडकीत दिसत नसली. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावते तेव्हा परतीची वाट स्टॅक या मेमरीच्या भागात लिहिलेली असते. पूर्वी प्रोसेसरचा एक रजिस्टर (आतला छोटा साठवण-कप्पा) या नोंदींची साखळी धरून ठेवण्यासाठी राखलेला असे. त्याला फ्रेम पॉइंटर म्हणतात. ३२ बिटी इंटेल संगणकांत सामान्य वापराचे रजिस्टर आठच होते, त्यामुळे हा एक वाचवून इतर कामाला लावणे तेव्हा शहाणपणाचे होते आणि कंपायलर तसे करू लागले. ६४ बिटी रचनेत रजिस्टर सोळा झाले, तरी सवय तशीच राहिली. तिची किंमत अशी की चालू प्रोग्राम कुठे वेळ घालवतो हे पाहणाऱ्या साधनाला कोणी कोणाला बोलावले याची साखळी स्वस्तात वाचता येत नसे. तिचा माग काढण्याची दुसरी पद्धत आहे, पण ती जड आहे. २४.०४ पासून उबुंटूने ६४ बिटी पॅकेजे बांधताना फ्रेम पॉइंटर राखणे हा मूळ नियम केला. वेग त्याने साधारणपणे एक-दोन टक्के कमी होतो असा त्यांचाच अंदाज आहे. फेडोराने हा निर्णय २०२३ मध्ये, ३८ व्या आवृत्तीत घेतला होता.

व्यवहारात याचा अर्थ असा की अहवाल चालू असतानाच, काहीही पुन्हा न बांधता, पर्फ हे वेळ मोजणारे साधन लावून पोस्टग्रेसच्या आतून सी लायब्ररीपर्यंतची साखळी वाचता येते आणि तिचा फ्लेम ग्राफ, म्हणजे वेळेची वाटणी दाखवणारा आलेख, काढता येतो. पायथॉन ३.१२ मध्ये यालाच जोडणारी सोय आहे : एक पर्यावरण चल लावले की पर्फच्या यादीत पायथॉनच्या फंक्शनांची नावे दिसू लागतात. त्याआधी तिथे फक्त इंटरप्रीटरची आतली नावे येत आणि आपल्या कोडचा पत्ता लागत नसे. उबुंटूत साध्या वापरकर्त्याला पर्फ चालवू दिला जात नाही, सुडो लागेल. अहवाल संथ का आहे याविषयी मी आत्ता तर्क करत नाही. मोजून पाहावे आणि येथे कळवावे.

उत्तर : जुळेसोलापूर

चर्चा उबुंटूची आहे हे मान्य करूनही एक वेगळी बाजू मांडतो. आमचे ग्राहक, म्हणजे त्यांचे लेखापाल, विंडोजवर काम करतात. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांचे संगणक विंडोज ११ च्या अटींत बसतात, म्हणजे टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, अशांनी २४एच२ या आवृत्तीतील विकसकांच्या सोयी पाहायला हरकत नाही. आम्ही डब्ल्यूएसएल २ मध्ये, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याच्या सोयीत, हेच उबुंटू २४.०४ चालवतो, आणि खरे लिनक्स कर्नल असल्याने पोस्टग्रेसपासून डॉकरपर्यंत सर्व चालते. फक्त प्रकल्पाच्या फाइल सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या आत ठेवाव्यात, नाहीतर हजारो छोट्या फाइलींचा प्रकल्प रांगू लागतो.

विंडोजच्या बाजूला राहून काम करायचे असेल तर डेव्ह ड्राइव्ह उपयोगी आहे. हा आरईएफएस फाइल सिस्टिमवरचा, किमान ५० जीबीचा वेगळा ड्राइव्ह असतो, आणि डिफेंडर हा विंडोजचा अँटिव्हायरस तिथल्या फाइलींची तपासणी फाइल उघडण्याआधी अडवून न करता मागाहून करतो. पिप आणि एनपीएम (जावास्क्रिप्टसाठीचे तसेच साधन) यांचे कॅश, म्हणजे उतरवून ठेवलेल्या प्रतीही, तिकडे हलवावेत. २४एच२ मध्ये विंडोजवर सुडोही आला आहे. तो सेटिंग्जमध्ये जाऊन सुरू करावा लागतो आणि मूळ स्थितीत नवी खिडकी उघडतो, त्यामुळे लिनक्सची सवय असणाऱ्याला तो थोडा अवघडलेला वाटेल.

माझी मात्र अडचण अशी आहे की कार्यालयातील तीन संगणक सातव्या पिढीचे आहेत. ते विंडोज ११ घेणार नाहीत. त्यांच्यासाठी मीच हा धागा वाचत आहे.

उत्तर : धोटा

जुळेसोलापूर यांच्या सातव्या पिढीच्या संगणकांना २४.०४ काही अडचण करणार नाही. किमान ४ जीबी मेमरी आणि २५ जीबी डिस्क एवढीच अपेक्षा आहे, जरी विकासाच्या कामासाठी मी ८ जीबीखाली जाणार नाही.

२६.०४ साठी थांबावे का, हा मूळ प्रश्न राहून गेला होता. त्यात काय येणार याची चाहूल ऑक्टोबर २०२५ च्या २५.१० वरून लागते. त्यात सुडो हा प्रोग्राम रस्ट भाषेत नव्याने लिहिलेला आहे, आणि यादी दाखवणे, प्रत काढणे, तारीख सांगणे अशा रोजच्या मूळ आज्ञाही रस्टमधील आहेत. नोम या डेस्कटॉपचे एक्स११ सत्रही काढून टाकले आहे, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेऐवजी नव्या वेलँडशिवाय पर्याय नाही. हेतू चांगला आहे, परंतु नव्या तारीख-आज्ञेत फाइलची वेळ वाचण्यातील एक चूक राहिली आणि तिच्यामुळे काही संगणकांवर अद्ययावत आवृत्त्यांची आपोआप होणारी तपासणीच थांबली होती. लगेच दुरुस्ती आली. तरीही ज्यांच्या स्क्रिप्ट या आज्ञांच्या बारीकसारीक वागण्यावर विसंबून आहेत त्यांनी २५.१० एका आभासी यंत्रात बसवून त्या चालवून पाहाव्यात. ती नऊ महिन्यांच्या पाठिंब्याची आवृत्ती आहे, ग्राहकाच्या कामासाठी वापरू नये.

२४.०४ ला २०२९ पर्यंत, तर २२.०४ ला २०२७ पर्यंत प्रमाणित पाठिंबा आहे. जानेवारीत २४.०४ वर जावे, २६.०४ कडे तिच्या पहिल्या दुरुस्ती-आवृत्तीनंतर पाहावे, असे माझे मत आहे. पायथॉन आणि डेटाबेसची जी कामे वर सांगितली ती २६.०४ साठीही करावीच लागतील. थांबल्याने ती टळणार नाहीत.

ताणाबाणा :

सर्वांच्या सूचना एकेक करून अमलात आणल्या, म्हणून सविस्तर कळवतो.

चाचणीचा संगणक पुन्हा कोरा केला. प्रकल्प २२.०४ वरच जँगो ४.२ वर नेला, त्याला नऊ दिवस लागले, आणि त्यातील बहुतांश वेळ एका जुन्या, बाहेरून घेतलेल्या अहवाल-लायब्ररीला पर्याय शोधण्यात गेला. त्यानंतर २४.०४ वर व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमध्ये तोच प्रकल्प पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला. चिठ्ठ्यांचा प्रोग्राम ऑप्टमध्ये ठेवून त्याची प्रोफाइल लिहिली, तो उघडतो. डंप १६ मध्ये भरला, कामगारांच्या नावांची आणि सुताच्या नगांची संख्या दोन्हीकडे जुळवून पाहिली, ती जुळली.

पर्फ लावल्यावर मात्र मी थक्क झालो. वेळ हिशेबात जात असावा अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक वेळ नावांची तुलना करणाऱ्या जीलिबसीच्या फंक्शनमध्ये जात होता. आमचा अहवाल प्रत्येक बीमसाठी सर्व कामगारांची यादी नावाने नव्याने लावत होता, आणि मराठी क्रमाने दोन नावांची तुलना करणे हे दोन आकड्यांची तुलना करण्याइतके स्वस्त नाही. आता आतली सर्व कामे कामगार क्रमांकाने होतात आणि नावाचा क्रम शेवटी एकदाच लागतो. अहवाल चाळीस सेकंदांत येतो. ही चूक २२.०४ वरही होती, फक्त ती कुठे आहे हे दिसत नव्हते.

संक्रांतीनंतर चाचणीचा धरून चार संगणक २४.०४ वर असतील. पाचवा २२.०४ वरच ठेवत आहे, कारण होटगी रस्त्यावरील एका ग्राहकाकडे अजून जँगो ३.२ ची जुनी स्थापना चालू आहे आणि मार्चअखेरचा हिशेब पूर्ण होईपर्यंत तिला हात लावू नये असे त्यांनी बजावले आहे.